हाडांची मजबुती : एका सोप्या वाक्याची तपासणी

‘व्यायामाने हाडे बळकट होतात’ हे वाक्य शरीरशास्त्राच्या पाठात, आरोग्य शिबिरांच्या पत्रकांत आणि वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत इतक्या वेळा छापले गेले आहे की त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. वाक्य खोटे नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्याने त्याला काही प्रश्न विचारायला हवेत. कोणता व्यायाम? कोणते हाड? कोणत्या वयात? आणि ‘बळकट’ झाले हे मोजले कशाने?

हे प्रश्न न विचारल्यामुळे काय होते ते ऊर्जानगरसारख्या ठिकाणी चांगले दिसते. चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या स्त्रीला या वाक्याचा अर्थ ‘रोज सकाळी फिरायला जा आणि कॅल्शियमची गोळी घ्या’ असा सांगितला जातो. तेथून थोड्या अंतरावरच्या, जंगलालगतच्या गावात जी स्त्री डोक्यावर मोळी आणते, पावसाळ्यात रोवणी करते, उन्हाळ्यात मोहफुले वेचते आणि तेंदूपत्ता तोडते, तिला ‘तुमचा व्यायाम काय, आपोआपच होतो’ असे म्हणून मोकळे केले जाते. हे दोन्ही अर्थ रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांवर झालेल्या प्रयोगांतून निघत नाहीत. ते प्रयोग नेमके काय सांगतात, आणि त्यांच्यावर किती विसंबावे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आधी हाडाविषयी थोडेसे. वर्गात आपण ‘हाडे म्हणजे शरीराचे खांब आणि तुळया’ अशी उपमा देतो. सोयीची आहे, पण तिच्यामुळे मुलांच्या मनात हाड ही एक निर्जीव वस्तू होऊन बसते. खांबावर वजन पडले म्हणून खांब जाड होत नाही, हाड होते. हाडात जुना भाग विरघळवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी आणि नवा भाग रचणाऱ्या अस्थिजनक पेशी यांचे काम आयुष्यभर चालू असते. हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या अस्थिपेशी सूक्ष्म नलिकांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाड किंचित वाकले की या नलिकांमधील द्रव हलतो, पेशींना ताणाची बातमी कळते आणि रचणाऱ्या पेशींना काम मिळते. भार सतत एकसारखा राहिला तर द्रव हलत नाही. म्हणून नुसता स्थिर भार हाडाला फारसा ‘ऐकू’ येत नाही. बदलता, झटक्याचा भार ऐकू येतो.

क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी १९८४ साली पक्ष्याच्या पंखातील हाडावर केलेला प्रयोग या बाबतीत मुळापासून वाचावा असा आहे. पंखाचे हाड नेहमीच्या हालचालींपासून वेगळे काढून त्यावर यंत्राने ठरावीक वेळा भार दिला. मुळीच भार न दिलेले हाड झिजले. दिवसातून चार वेळा भार दिला तेव्हा झीज थांबली. ३६ वेळा दिला तेव्हा हाड वाढले. आणि १८०० वेळा दिला तेव्हा? ३६ वेळांपेक्षा काही अधिक मिळाले नाही. हाडाला थोडे पण जोरकस पुरते. तेच तेच हजारदा सांगितले तर ते लक्ष देईनासे होते. तासभर एका चालीने फिरणे हृदयाला, स्नायूंना, रक्तातील साखरेला उत्तम, पण खुब्याच्या हाडाला त्यातून नवे सांगितले जात नाही.

आता माणसांवरचे, म्हणजे स्त्रियांवरचे प्रयोग. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये फिनलंडमधील टॅम्परे येथील हेनोनेन व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ३५ ते ४५ वयाच्या, बैठे जीवन असलेल्या ९८ निरोगी स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाने आठवड्यातून तीनदा, १८ महिने, उड्यांचा भर असलेला व्यायाम केला. मांडीच्या हाडाची ‘मान’, म्हणजे खुब्याच्या सांध्याजवळचा जो निमुळता भाग म्हातारपणी मोडतो, तिची घनता व्यायाम करणाऱ्यांत सरासरी १.६ टक्के वाढली. बहुतेक लेख येथेच थांबतात. मात्र व्यायाम न करणाऱ्या गटातही ती ०.६ टक्के वाढली होती! म्हणजे व्यायामाच्या खात्यावर जमा धरायची ती एक टक्क्याच्या आसपास. आणि मनगटाजवळच्या हाडात, ज्यावर उडीचा भार येत नाही, दोन्ही गटांत फरक पडला नाही. ‘कोणते हाड’ या प्रश्नाचे उत्तर इतके स्पष्ट आहे: ज्या हाडावर भार, त्यालाच लाभ.

नॉटिंगहॅम येथील जोआन बॅसी यांच्या गटाने १९९८ साली व्यायाम आणखी सोपा केला. जागच्या जागी ५० उड्या, आठवड्यातून सहा दिवस. उडीची उंची सरासरी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांहून थोडी अधिक. तरुण स्त्रियांत जमिनीवर आपटताना येणारा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होता. रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांत पाच महिन्यांनी मांडीच्या हाडाची घनता २.८ टक्के वाढली. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी याच उड्या वर्षभर मारल्या आणि काहीच वाढ झाली नाही, जरी त्यांच्या पायांवर येणारा भार अधिकच होता. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की तोच भार हाडाला पूर्वीसारखा ‘ऐकू’ येत नाही, असा याचा अर्थ लावतात. पन्नाशीनंतर सावध होणाऱ्या आपल्या आरोग्य शिबिरांनी हा प्रयोग समोर ठेवायला हवा.

तिसरा प्रयोग फिनलंडमधल्याच ओउलू येथील. ३५ ते ४० वयाच्या १२० स्त्रियांपैकी व्यायामगटात वर्षभरात मांडीच्या मानेची घनता १.१ टक्के वाढली आणि दुसऱ्या गटात ०.४ टक्के घटली. या संशोधकांनी कमरेला त्वरण मोजणारे छोटे यंत्र बांधून प्रत्येक धक्का किती जोराचा होता याची नोंद ठेवली. गुरुत्वत्वरणाच्या ३.९ पटींहून मोठे धक्के ज्यांनी अधिक अनुभवले त्यांच्या हाडात वाढ अधिक, असा संबंध दिसला. साध्या चालण्यात एवढे त्वरण येत नाही. मात्र हा फक्त संबंध आहे. जोराने उडी मारणाऱ्या स्त्रिया इतर बाबतींतही अधिक दणकट असू शकतात, ही शंका विद्यार्थ्यांकडून यायला हवी.

ती शंका सर्वांत चांगली फेडली ती इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातल्या बेली आणि ब्रूक-वेव्हेल यांनी, २०१० साली. त्यांनी स्त्रियांना एकाच पायावर रोज ५० उड्या, वेगवेगळ्या दिशांना, मारायला लावल्या, सहा महिने. दुसरा पाय तसाच ठेवला. एकाच स्त्रीचे दोन पाय म्हणजे आनुवंशिकता तीच, आहार तोच, ऊन तेच, संप्रेरके तीच. फरक फक्त उड्यांचा. प्रयोगाची रचना कशी असावी हे शिकवायला यापेक्षा नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. आठवड्यातून दोन, चार आणि सात दिवस असे गट होते आणि स्पष्ट लाभ दिसला तो सातही दिवस उड्या मारणाऱ्यांत. गंमत अशी की या व्यायामाचे वर्णन वाचताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरे काही येत नाही: ही लंगडी आहे!

या सगळ्या प्रयोगांवर माझा पहिला आक्षेप मोजमापाचा. घनता मोजतात ती डेक्सा या यंत्राने, दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण हाडातून पाठवून. एकाच स्त्रीची मांडीची मान पुन्हा पुन्हा मोजली तर उत्तरात एक-दोन टक्के इकडेतिकडे होतेच. मग एक टक्का वाढ खरी कशी मानायची? याचे उत्तर सांख्यिकीत आहे. ४९ स्त्रियांची सरासरी घेतली की योगायोगाने होणारी चूक ४९ च्या वर्गमूळाने, म्हणजे सात पटींनी, कमी होते. गटाबद्दल बोलता येते. पण शिबिरात एका स्त्रीला ‘वर्षभरात तुमची घनता दीड टक्का वाढली, शाबास’ असे सांगणे म्हणजे यंत्राच्या थरथरीला शाबासकी देणे होय.

दुसरा आक्षेप मोठा आहे. या प्रयोगांत कोणाचेही हाड मोडले किंवा मोडायचे वाचले, हे पाहिलेले नाही. चाळिशीत हाडे फारशी मोडत नाहीत. फरक पाहायचा तर हजारो स्त्रिया आणि तीस-चाळीस वर्षे हवीत. म्हणून मजबुतीच्या जागी घनता मोजली आणि लिहिताना दोन्ही शब्द एकच धरले. घनता आणि मजबुती एक नाहीत, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसांना खरे तर कोणी सांगायला नको.

या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलीग्रॅम ही कमाल मर्यादा. त्यापेक्षा जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग येतात आणि पुढे हाडे, सांधे व कणा ताठरतात. फ्लोराइड हाडातील खनिजाच्या स्फटिकांत शिरते आणि क्ष-किरणांत हाड अधिक घट्ट दिसते. हाच गुण पाहून एके काळी फ्लोराइड हे ठिसूळ हाडांवरचे औषध म्हणून वापरून पाहिले गेले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रिग्ज व सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रिया होत्या. निम्म्यांना चार वर्षे रोज ७५ मिलीग्रॅम सोडियम फ्लोराइड दिले. कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्के वाढली. व्यायामाच्या एक-दोन टक्क्यांपुढे हा आकडा पाहा! पण मणके मोडण्याचे प्रमाण म्हणावे तसे घटले नाही आणि इतर हाडे मोडण्याचे प्रमाण उलट वाढले. औषधाची ती मात्रा पाण्यातून मिळणाऱ्या फ्लोराइडपेक्षा बरीच मोठी होती हे खरे. तरीही फ्लोराइडग्रस्त गावातील एखाद्या स्त्रीचा घनतेचा अहवाल ‘उत्तम’ आला, तर तो वाचणाऱ्याने तिच्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी आधी तपासावे.

घनता फसवते ती उलट दिशेनेही. २००२ साली रॉबलिंग, टर्नर व सहकाऱ्यांनी उंदरांच्या पुढच्या पायाच्या हाडावर १६ आठवडे यंत्राने भार दिला. घनता वाढली जेमतेम पाच टक्के, पण हाड मोडायला लागणारे बल ६४ टक्के वाढले. कारण नवे हाड सगळीकडे सारखे न पसरता जेथे ताण सर्वाधिक, तेथेच, बाहेरच्या बाजूने बसले. वर्गात हे दाखवायला दोन कागद पुरतात. एक पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळून बारीक नळी करा, दुसऱ्याची दोन बोटे रुंदीची नळी करा, दोन्ही दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारख्या ठेवून मध्यावर वजन टांगा. कागद तेवढाच, पण रुंद नळी कमी वाकते, कारण वाकण्याला होणारा विरोध हा पदार्थ मध्यरेषेपासून किती दूर आहे यावर अवलंबून असतो. नळी फारच रुंद केली तर भिंत पातळ पडून चेपते, हेही मुलांना पाहू द्यावे. म्हणून व्यायामाचा एक टक्का दिसतो तेवढा क्षुल्लक नसावा. ‘नसावा’ असे म्हणतो, कारण उंदराच्या पायाचे गणित माणसाच्या खुब्याला जसेच्या तसे लागू होत नाही.

डेक्सा यंत्राची आणखी एक खोड आहे. ते हाडाची जाडी मोजत नाही. खनिजाचे वजन भागिले दिसणारे क्षेत्रफळ, एवढेच देते. एकाच पदार्थाचे दोन घन घ्या, एक सेंटिमीटर बाजूचा आणि दोन सेंटिमीटर बाजूचा. पदार्थ घनसेंटिमीटरला एक ग्रॅम असेल तर वजने १ व ८ ग्रॅम आणि क्षेत्रफळे १ व ४. यंत्राच्या हिशेबाने मोठ्या घनाची घनता दुप्पट! लहान चणीच्या स्त्रीचे हाड या यंत्रात मुळातच ‘कमी घनतेचे’ दिसते. गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या आकड्यांशी तुलना करून आपल्याकडच्या स्त्रियांना ठिसूळ ठरवताना हे लक्षात घेतले जातेच असे नाही. आफ्रिकेतील गांबियाच्या खेड्यांतल्या वृद्ध स्त्रियांत हाडातील खनिज कमी, तरी हाडे मोडणे विरळ, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते.

याचा अर्थ कष्टकरी स्त्रीची काळजी नको, असा घेऊ नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील वीणा शत्रुघ्न व सहकाऱ्यांनी २००५ साली ३० ते ६० वयाच्या, कमी उत्पन्न गटातील २८९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या आहारात कॅल्शियम दिवसाला सुमारे २७० मिलीग्रॅम होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण १००० मिलीग्रॅम आहे. मांडीच्या मानेत अस्थिठिसूळतेचे प्रमाण २९ टक्क्यांच्या घरात निघाले. चणीचा भाग वजा केला तरी आकडा गंभीर आहे. कष्ट असूनही हाडे चांगली का नाहीत, याचे उत्तर कॅल्शियमपुरते नाही. शरीराला खर्चाएवढे अन्न मिळाले नाही तर इस्ट्रोजेन घटते. बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी १९८४ साली, अतिसरावाने मासिक पाळी थांबलेल्या अमेरिकी धावपटू स्त्रियांचे मणके तपासले. सरासरी वय २५, आणि मणक्यांची घनता ५१ वर्षांच्या बाईला शोभावी अशी. व्यायाम भरपूर, हाड मात्र गेले. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे अंधारात निघून भर उन्हात परतणाऱ्या, जेवण मात्र सर्वांच्या नंतर आणि उरेल तेवढे घेणाऱ्या बाईला ‘आपोआप व्यायाम होतो’ असे म्हणणाऱ्याने हा प्रयोग वाचावा.

मोळीचेही गणित करून पाहू. ५० किलो वजनाची स्त्री २० किलोची मोळी घेऊन चालते. चालताना पायावरचा कमाल भार एकूण वजनाच्या साधारण १.२ पट होतो. ७० गुणिले १.२ म्हणजे ८४ किलो, तिच्या स्वतःच्या वजनाच्या १.७ पट. बॅसींच्या चार बोटांच्या उडीत तो तिप्पट, म्हणजे १५० किलो होता, आणि तो क्षणात येऊन जात होता. मोळीचा भार मंद, एकसुरी आणि तासन्‌तास. रोवणीत तर बाई चिखलात वाकून उभी, भार जवळजवळ स्थिर. वाकून ओझे उचलताना कण्यावर मोठा ताण येतो हे खरे, पण त्याने हाड बांधले जाते की पाठ जाते, हे त्या बाईलाच विचारावे.

वसाहतीतल्या फिरण्याला ऊर्जानगरात वेगळीच अडचण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाच्या हल्ल्यात एक कामगार आणि लगोलग दुर्गापूर येथे बिबट्याच्या हल्ल्यात एक मुलगा मृत्यू पावला. अंधार असताना बाहेर पडा, हा सल्ला येथे देताना दहादा विचार करावा लागतो. ५० उड्यांना घरातली एक फरशी आणि दोन मिनिटे लागतात. गुडघे दुखणाऱ्या, गरोदर, सांधे आखडलेल्या किंवा एकदा हाड मोडलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या मारू नयेत, हे सांगायचे राहू नये.

आणि वय? कॅनडातील सस्कॅचवान येथे मुलामुलींची वर्षानुवर्षे मोजमापे घेतल्यावर १९९९ साली असे दिसले की प्रौढपणी असणाऱ्या हाडातील खनिजापैकी सुमारे २६ टक्के हे वाढीच्या ऐन दोन वर्षांत जमा होते. मुलींत या वेगाचा कळस येतो साडेबारा वर्षांच्या सुमारास, म्हणजे सातवीत. फिनलंडच्या कानुस यांनी १९९५ साली टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन हातांची तुलना केली. पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या वेळी खेळू लागलेल्यांना मिळालेला लाभ खूप उशिरा सुरू करणाऱ्यांच्या निदान दुप्पट होता. लवकर सुरू करणाऱ्या अधिक वर्षे खेळल्याही असतील, हा आक्षेप येथे घेता येतो. तरी चाळिशीत १८ महिने धडपडून मिळणारा एक टक्का आणि सातवीत मैदानावर मिळू शकणारी जमा, या दोहोंत आपले शिबिरवाले पहिल्यामागे धावतात आणि शाळा दुसरी सोडून देतात.

कारण नेमक्या याच वयात आपल्या मुली खेळायच्या थांबतात. पाळी आली की ‘उड्या मारू नको’, ओढणी आली की ‘बाजूला बस’, नववीत शारीरिक शिक्षणाच्या तासाला गणिताचा जादा तास. लंगडी चौथी-पाचवीतच ‘लहान मुलींचा खेळ’ म्हणून मागे पडते. पाळीच्या काळात निरोगी मुलीने उड्या मारल्याने अपाय होतो, याला वैद्यकीय आधार नाही. खो-खोतली अचानक दिशा बदलून घेतलेली धाव आणि दोरीवरच्या उड्या हे सगळे हाडाला ऐकू जाणारे भार आहेत. रॉबलिंग यांच्याच प्राण्यांवरील प्रयोगांत, दोन सत्रांमध्ये काही तासांची विश्रांती दिली तर हाडाची संवेदनक्षमता परत येते असे दिसले होते. ते माणसाला लागू असेल तर परिपाठाच्या वेळी २५ आणि शाळा सुटताना २५ उड्या या एकदम ५० पेक्षा बऱ्या ठरतील. शाळेला याचा काही खर्च नाही.

एखाद्या शाळेत प्रयोग म्हणून पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलींनी आठवडाभर रोज किती वेळा दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले, म्हणजे उडी, लंगडी, धाव, दोरी, हे वहीत नोंदवावे. सोबत प्रत्येकीने त्या दिवशी दूध, दही, नाचणी किंवा तीळ खाल्ले का, आणि घरचे पिण्याचे पाणी नळाचे, विहिरीचे की हातपंपाचे, हेही लिहावे. इयत्तेनुसार उड्यांची सरासरी काढून आलेख काढायला नववीचे गणित पुरते. मुलांचाही तसाच आलेख शेजारी काढला तर दोन रेषा कोणत्या इयत्तेत एकमेकींपासून दूर जातात ते दिसेल.